निळ्या पाठीची वचनं

आमच्या घरी सकाळचा चहा वचनानंतर मिळायचा, आधी नाही. स्टोव्हवर आधण उकळत असायचं, किसलेल्या आल्याचा वास दोन्ही खोल्यांत फिरत असायचा, पण पप्पांचं 'आमेन' होईपर्यंत कपाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ठाण्याच्या कोपरीतलं आमचं घर म्हणजे चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. समोरच्या गच्चीवर सिंधी बायका पापड वाळत घालायच्या, स्टेशनातल्या बाईचा आवाज दिवसभर गाड्यांची नावं सांगत राहायचा, आणि त्या सगळ्यात पप्पा चटईवर मांडी घालून, डोळे मिटून, देवाशी अगदी निवांत बोलायचे. त्यांची प्रार्थना लांबलचक. आधी मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, आजारी, मग नगरकडचे नातेवाईक, मग कारखान्यातले साहेब, मग देशाचे पुढारी आणि सगळ्यात शेवटी आम्ही तिघं. पप्पा पुढाऱ्यांपर्यंत पोचले की आई हळूच उठून स्टोव्ह बारीक करायची.

प्रार्थना झाली की पेटी यायची. शिसवी लाकडाची, वीतभर लांब, माझ्या मामानं सुतारकाम शिकताना केलेली. तिच्यात शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं, एका चिठ्ठीवर एक, बारीक गुंडाळी करून दाटीवाटीनं उभी केलेली. सोबत एक छोटा चिमटा. प्रत्येकानं डोळे मिटून एक गुंडाळी उपसायची, उलगडायची आणि मोठ्यानं वाचायची. ते त्याचं त्या दिवशीचं वचन. मग गुंडाळी परत पेटीत. पुष्कळ ख्रिस्ती घरांत अशी पेटी असते, पण ती बहुतेक विकत आणलेली. आमची पप्पांनी स्वतः भरलेली होती. ते वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. बाटल्यांवर चिकटवायच्या लेबलांचे वाया गेलेले ताव ते घरी आणत, कात्रीनं सारख्या पट्ट्या कापत, कोऱ्या बाजूवर शाईच्या पेनानं वचन लिहीत आणि आईच्या विणकामाच्या सुईवर गुंडाळून ठेवत. त्यामुळे आमच्या चिठ्ठ्यांच्या पुढच्या बाजूला देव असायचा आणि पाठीमागे खोकल्याचं औषध. लहानपणी मला पाठीमागच्याच बाजूचं कौतुक जास्त. लाल पाठ म्हणजे खोकला, हिरवी म्हणजे पोटदुखी, हे मी अक्षरओळख व्हायच्या आधी शिकले.

पेटीचा एकच नियम होता. आलेली चिठ्ठी बदलायची नाही. देव काही रोज गोड बोलत नाही, हे पप्पांचं आवडतं वाक्य, आणि त्यांनी पेटी भरली होतीही तशीच. निम्मी वचनं धीर देणारी, निम्मी कान उपटणारी. आळशी माणसाला मुंगीचा दाखला देणारं एक वचन तर माझ्या परीक्षेच्या दिवशी नेमकं यायचं. गवत वाळतं, माणूस मातीला मिळतो, अशा अर्थाचीही बरीच होती. मी नऊ वर्षांची असताना एकदा जिभेच्या आगीबद्दलचं वचन निघालं. आदल्याच दिवशी मी शाळेत धडधडीत खोटं बोलले होते. घाबरून मी ती गुंडाळी दाताखाली चावली, पटकन परत खुपसली आणि दुसरी काढली. पप्पांनी पाहिलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "करुणा, तू आत्ता देवाच्या हातातून हिसकावून घेतलंस. पुन्हा असं करायचं नाही. कधीच." शाळेला जाताना आईनं माझ्या डब्यात गुपचूप शेंगदाण्याचा लाडू टाकला. आमच्या घरात न्याय पप्पा करायचे आणि दया आई करायची, आणि माझं दोघांवाचून चालत नसे.

आई मुळात नगरकडची, हुलग्याच्या शेंगोळ्यांवर वाढलेली, पण ठाण्यात येऊन ती मासे खायला शिकली ते जनाबायमुळे. जनाबाय खाडीकडच्या कोळीवाड्यातली. ती पाटी घेऊन चाळीत यायची आणि विक्री आटोपली की आमच्या उंबऱ्यात फतकल मारून बसायची. दोघींच्या गप्पांना अंत नसे. आमच्या घरचा नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, चिवडा. जनाबाय म्हणायची, "तुमची दिवाली उशिरा येते, एवडाच फरक." नवरात्रात ती मला टेंभी नाक्याला देवी बघायला न्यायची. पप्पांना ते फारसं रुचत नसे, पण आई म्हणायची, "अहो, बघून आल्यानं काही धर्म बुडत नाही."

अकरावीत गेल्यावर मला शंकांनी घेरलं. कारण काही मोठं नव्हतं. वर्गातली एक मैत्रीण टेंभी नाक्याच्या देवीला नवस बोलली आणि तिचे वडील दुखण्यातून उठले. आमच्या मंडळीतल्या एका बाईंसाठी तीन महिने उपास-प्रार्थना चालल्या होत्या, आणि त्या गेल्या. मला गणितात गती होती. मी म्हटलं, म्हणजे कुणी बरं होतं, कुणी होत नाही, आणि ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या खात्यात ते लिहून घेतो. हे मी एका रविवारी उपासनेहून परतताना पप्पांना तोंडावर म्हणाले. वाटलं होतं, रागावतील. ते चालत राहिले आणि मग म्हणाले, "शंका आली तर येऊ दे बेटा. दारात उभी राहू दे. फक्त तिला आत बोलावून चहा पाजू नकोस." मला ते उत्तर पटलं नाही, पण माणूस आवडला. माझे पप्पा खोटं सांगून मला शांत करणार नाहीत, एवढी खात्री पटली. देवाबद्दल माझ्या मनात काय काय डळमळीत होतं, पण ही एक गोष्ट पक्की होती.

त्याच वर्षी आईच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग चाळीखालच्या डॉक्टरांच्या गोळ्या, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. ऑपरेशन झालं. मला सांगण्यात आलं की गाठ होती, काढली, आता ताकद भरून यायला वेळ लागेल. आई घरी आली ती अर्धी होऊन. खिडकीजवळ खाट टाकली, वरचा पंखा तिच्यासाठी एक नंबरवर ठेवायचा असं ठरलं, कारण जास्त वारा तिला सोसत नसे. सकाळची प्रार्थना आता खाटेजवळ व्हायला लागली. पप्पा चटईवर, मी खाटेच्या कडेला, आणि पेटी आईच्या पोटाशी पांघरुणावर ठेवलेली.

आणि पेटी बोलायला लागली. दुसरा शब्द मला सुचत नाही. पहिल्या दिवशी आईला निघालं ते, तू मरणार नाहीस, जगशील, या अर्थाचं वचन. मला निघालं, तुझी प्रार्थना मी ऐकली आहे. पप्पांना निघालं, मी जखमा बांधीन. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मुंगी नाही, जिभेची आग नाही, गवत नाही, माती नाही. मी लहानपणापासून त्या पेटीतली चिठ्ठी न् चिठ्ठी ओळखत होते, म्हणून तर मी चक्रावले. काही चिठ्ठ्यांची पाठ निळी होती, ती मी पूर्वी पाहिली नव्हती. विचारलं तर पप्पा म्हणाले, "जुन्या फाटल्या होत्या काही. परत लिहून काढल्या." मला त्यात वावगं वाटलं नाही. फाटणारच की, रोज चिमट्यानं ओढतो आपण.

तीन आठवडे झाले तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. रोज तीन चिठ्ठ्या, म्हणजे साठ-पासष्ट. पेटीत निम्म्या कडक, निम्म्या गोड. म्हणजे नाणं साठ वेळा उडवायचं आणि साठही वेळा छापा पडायचा. मी तो आकडा काढत गेले आणि तो एकोणीस अंकी निघाला. कॉलेजातून आल्यावर कपडेही न बदलता मी ते पान धरून बसले होते. हा योगायोग असूच शकत नव्हता. कुणीतरी त्या पेटीतून मुद्दाम, निवडून, आमच्याशी बोलत होतं. शंका दारातून कुठे निघून गेली, ते मला कळलंही नाही. त्यानंतर मी जशी प्रार्थना केली तशी आधी कधी केली नव्हती आणि नंतरही कधी जमली नाही.

विश्वास बसला की माणूस आगाऊ होतो. मी झाले. जनाबाय आईसाठी देवीला नवस बोलून आली, तेव्हा मी तिला ऐकवलं, "जनाबाय, नवसाची गरज नाही. आम्हाला वचन आलंय." ती पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "आसू दे गो. दोन ठिकानी सांगून ठेवलेला बरा." आई खाटेवरून हसली. आणि आईनं कधी पुढच्या गोष्टी काढल्या, म्हणजे माझी कानातली सोन्याची कुडी कुठल्या डब्यात आहेत, मावशीला डोंबिवलीला कुणी कळवायचं, पप्पांना कुठली भाजी बाधते, की मी तिला तिथल्या तिथे अडवायची. "आई, अविश्वासाचं बोलू नकोस. सकाळी काय आलं तुला? सांग बघू." ती मुकाट्यानं सकाळचं वचन म्हणून दाखवायची, शाळेतल्या मुलीसारखं. मग म्हणायची, "बरं." तिचं 'बरं' त्या दिवसांत मी इतक्या वेळा ऐकलं, पण ते कुठल्या अर्थाचं आहे याचा विचार एकदाही केला नाही.

फेब्रुवारीत कल्याणला आसपासच्या मंडळ्यांची मिळून सभा भरायची. रेल्वे क्वार्टर्सजवळच्या मैदानात मांडव, भाड्याच्या खुर्च्या, मोठ्या पातेल्यात उपमा, आणि गायनाला तबला-हार्मोनियम. चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "तरुणांपैकी कुणाला साक्ष द्यायची आहे?" साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मी हात वर केला. माझ्या शेजारी पप्पा बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी ते पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, गहिवरले.

मी माइकसमोर गेले आणि सगळं सांगितलं. माझ्या शंका सांगितल्या, पेटी सांगितली, नाणं सांगितलं. "मी गणिताची विद्यार्थिनी आहे," मी म्हणाले, "हे आपोआप होऊ शकत नाही, हे मी कुणालाही फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. माझी आई जगणार आहे." मांडवात 'आमेन' उठलं. पुढच्या रांगेतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. एक म्हातारे रेल्वेवाले गृहस्थ नंतर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पोरी, वीस वर्षांत अशी साक्ष ऐकली नाही." पप्पा पहिल्या रांगेत डोळे मिटून, मान खाली घालून बसले होते. ते उठले नाहीत. त्यांनी मला थांबवलं नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळं पुन्हा साभिनय सांगितलं. जनाबाय दिवसभर तिच्याजवळ बसली होती, तीही ऐकत होती. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं, "पप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. डोळे मिटून बसले होते."

"बरं," आई म्हणाली.

ईस्टर जवळ आला तशी आई दिवसदिवस झोपूनच असायची. ईस्टरच्या गायनाचा सराव चर्चमध्ये दुपारी चारला असे. एका दुपारी मी वही घेऊन निघाले, चप्पल घालत होते, तेव्हा तिनं हाक मारली. आवाज एरवीपेक्षा स्वच्छ होता. "करुणा, आज नको ना जाऊस. जरा बस माझ्यापाशी. तुला एक सांगायचंय."

मी चप्पल काढली नाही. दारातूनच म्हणाले, "आई, परत तेच ना? कुडी आणि डबे? सकाळी काय आलं होतं तुला?"

ती म्हणाली, "दीर्घायुष्यानं तृप्त करीन."

"मग? माझ्यापेक्षा देवावर विश्वास ठेव जरा."

"कुडी नाही गं," ती म्हणाली. "दुसरं आहे."

"आल्यावर सांग. सगळे खोळंबलेत माझ्यासाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली. "बरं. जा. पंखा जरा वाढवून जा."

मी पंखा एकवरून तीनवर केला आणि जिना उतरले. परत आले तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती. दोन दिवसांनी, गुड फ्रायडेच्या आदल्या सकाळी, ती गेली. ईस्टरला चर्चमध्ये सगळे पुनरुत्थानाची गाणी म्हणत होते. मीही वही उघडून उभी होते, पण गायले नाही. तरीही, खरं सांगते, माझा विश्वास तेव्हा मोडला नव्हता. मला वाटत होतं, माझंच काही चुकलं असेल. वचन देणारा खोटा नसतो, घेणारा कमी पडतो, असं आम्हाला शिकवलेलं. मी रात्रंदिवस स्वतःची पापं शोधत होते.

स्मरणसभेसाठी आईचा फोटो हवा होता. तो शोधताना मी पप्पांच्या कपाटात, गायनाच्या पुस्तकांच्या मागे, हात घातला आणि रुमालात बांधलेलं एक गाठोडं हाताला लागलं. आत गुंडाळ्या होत्या. लाल पाठीच्या, हिरव्या पाठीच्या. मी पहिली उलगडली. मुंगी. दुसरी, गवत. तिसरी, माती. मग एक अशी आली की तिच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. नऊ वर्षांच्या दातांच्या. मी खाटेवर, आईच्या रिकाम्या गादीवर, बसले. मग पेटी आणली आणि सगळी पालथी केली. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांची पाठ निळी होती. तीच तीच वचनं, चार-चार, पाच-पाच वेळा लिहिलेली. माझं गणित अगदी बरोबर होतं. तो योगायोग नव्हताच.

पप्पा कारखान्यातून आले तेव्हा दोन्ही ढीग चटईवर मांडलेले होते. त्यांनी पाहिलं, बूट काढले, हात धुतले, आणि समोर बसले.

"आईला दिलासा हवा होता," ते म्हणाले.

"ती बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"ऑपरेशनच्याच दिवशी."

"आणि मला?"

त्यांनी एक निळी गुंडाळी उचलून सरळ केली. मग म्हणाले, "मी एकही खोटं वचन लिहिलं नाही, करुणा. सगळी शास्त्रातलीच आहेत."

"काढून टाकलेलीही शास्त्रातलीच होती." मी म्हणाले. "मला चहा दिला नव्हतात तुम्ही, आठवतं? एका चिठ्ठीसाठी. आणि कल्याणला मी त्या माइकसमोर उभी राहिले, चारशे माणसांपुढे, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. एकदा हात धरून खाली ओढलं असतंत मला. का नाही ओढलंत?"

पप्पा चटईकडे बघत होते. त्यांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "ओढणारच होतो. पण तू बोलायला लागलीस, ते नाण्याचं वगैरे, आणि मला वाटलं... मलाच खरं वाटलं गं. वाटलं, चिठ्ठ्या मी लिहिल्या खऱ्या, पण लिहायची बुद्धी त्यानंच दिली असेल. तुझ्या तोंडून तो मलाच सांगतोय. त्या दिवसापासून मीही वाट बघत होतो, ती उठून बसेल म्हणून."

म्हणजे माझा विश्वास त्यांच्या पेटीवर उभा होता आणि त्यांचा माझ्या साक्षीवर, आणि मधे कुणीच नव्हतं. मला इतका संताप आला की मी उठून सरळ कोळीवाड्यात गेले. जनाबाय अंगणात सुकट निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, रडत, शिव्या देत. ती शांतपणे निवडत राहिली.

"तुजे आयला ठावं होता," ती म्हणाली.

"काय?"

"सगला. पेटी पुसताना बगितला तिनी. एकच वचन पाच येला. मना दाखवला, हसली. मी बोलली, मंग सांग ना घोवाला. तं बोलली, त्याला बरा वाटते, पोरीला बरा वाटते, मी कशाला त्वांड उघडू?" जनाबायनं सूप खाली ठेवलं. "पन एक होता तिच्या मनान. तुना काय तरी सांगायचा होता तिला. मी बोलली, मना सांग, मी सांगेन पोरीला. नाय बोलली. तिलाच सांगीन, पन ती बसतच नाय गो माझ्याजवल, वचन वचन करते."

पप्पांनी फसवलं ते मी समजू शकत होते. फसवणारा पकडला गेला की निदान त्याच्याशी भांडता येतं. पण आईही त्यात सामील होती. रोज सकाळी ती ती चिठ्ठी काढायची, वाचायची, माझ्याकडे बघायची. तिनं एकदा जरी म्हटलं असतं, करुणा, हे खरं नाही, तर मी चप्पल काढून बसले असते. घरातल्या तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं, दाराबाहेरच्या कोळणीला ठाऊक होतं, आणि ज्याच्या नावानं हे सगळं चाललं होतं त्यालाही ठाऊक असणार. फक्त मी एकटी आनंदात होते. त्या संध्याकाळी मला जे वाटलं त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. मला माझ्याच माणसांनी विकलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी जुन्या सगळ्या चिठ्ठ्या परत पेटीत घातल्या, निळ्या पाठीच्या जाळून टाकल्या, आणि प्रार्थनेला बसले. त्यांना निघालं ते मातीचं वचन. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली. मी उठले आणि चहा ओतून घेतला. त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत रोज सकाळी ते पेटी माझ्याकडे सरकवत राहिले आणि मी चहा ओतून घेत राहिले. शेवटच्या आजारात, मी त्यांना माझ्याकडे आणलं होतं, तेव्हा एकदा म्हणाले, "एकदा काढ ना बेटा. काय येईल ते येईल. मी आता काही केलेलं नाही." मी काढली नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, असं म्हणायला आवडलं असतं.

आता मी घोडबंदर रोडला मुलाकडे राहते, एकोणिसाव्या मजल्यावर. खाली गाड्यांची रांग सकाळपासून हलत नाही. सून रोज फोनवर गुलाबाच्या चित्रासकट एक वचन पाठवते. चांगली मुलगी आहे, मी हात जोडलेलं चित्र उलट पाठवते. या वचनांत मुंगी कधीच नसते, हे मी पाहून ठेवलंय. पेटी माझ्या कपाटात आहे. रविवारी मी अजून कोपरीच्या आमच्या जुन्या चर्चला जाते. मुलाला त्याचं आश्चर्य वाटतं. "आई, तू नक्की मानतेस की नाही?" तो विचारतो, गाडी सिग्नलला अडकली की. मी त्याला खरं उत्तर देते. कधी मानते, कधी नाही. गाणी म्हणताना मानते. प्रवचन चालू असताना बहुतेक नाही. शंका आता दारात उभी राहत नाही, ती घरातलीच झाली आहे, आणि तिला मी चहाही पाजते.

पप्पांना मी माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. त्यांच्याबद्दल रागानं बोलते, आणि अवघड बोलणं आलं की त्यांच्यासारखीच आधी हात धुऊन मग बसते. पण देवाशी माझं एक बोलणं राहिलंय. तो नसेल तर प्रश्नच मिटला. असेल, आणि पुढे कधी समोर आलाच, तर मी माझ्या पापांची यादी काढणार नाही, आणि साठ चिठ्ठ्यांचा जाबही विचारणार नाही. ती सगळी माणसांची करणी होती, हे मला कळतं. मी फक्त चप्पल काढीन, खाली बसेन, आणि विचारीन, त्या दुपारी आईला मला काय सांगायचं होतं?